बॅडमिंटन डबल्सची सर्व्हिस मोजायला दोर बांधावा की मोबाईल लावावा?

डबल्सच्या लो सर्व्हिसची, म्हणजे नेटला लागून पलीकडे जवळच पडणाऱ्या सर्व्हिसची, अचूकता मोजायची तर दोन पर्याय आहेत: शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातली जुनी फ्रेंच शॉर्ट सर्व्ह चाचणी, नाहीतर नेटच्या खांबापाशी मोबाईल लावून स्लो मोशन व्हिडिओ.

फ्रेंच चाचणीत नेटच्या वर 20 इंचांवर, म्हणजे साधारण 51 सेंटीमीटरवर दोर बांधतात. पलीकडे सर्व्हिसची पुढची रेघ आणि मधली रेघ मिळते तो कोपरा केंद्र धरून 22, 30, 38 आणि 46 इंच त्रिज्येच्या कमानी आखतात. सर्व्हिस 20. शटल दोराखालून जाऊन सगळ्यात आतल्या पट्ट्यात पडलं की 5 गुण, मग बाहेर जाईल तसा एकेक कमी. दोर, टेप, खडू एवढ्यावर भागतं आणि अख्खी बॅच झटपट उरकते. शाळेची मुलं किंवा निवड चाचणी असेल तर डोळे झाकून हीच घ्या.

हात बसलेल्या खेळाडूला मात्र 51 सेंटीमीटर म्हणजे हमरस्ताच. नेटवरून वीतभर वर गेलेलं शटल इथे 5 गुण मिळवतं; मॅचमध्ये समोरचा पुढे झेपावून ते नेटवरच मारतो, जमिनीवर पडू देतो कुठे? दोर खाली घ्यावा, तर चाचणीचे छापील निकष लागू होत नाहीत. शिवाय सर्व्हिस करताना शटल नियमाप्रमाणे जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली होतं का, याच्याशी या चाचणीला देणंघेणंच नाही.

अशा खेळाडूसाठी माझं मत मोबाईलला. स्टँड खांबाच्या बाहेर, लेन्स नेटच्या वरच्या पट्टीच्या रेषेत. नेट खांबाशी 1.55 मीटर आणि मध्ये 1.524 मीटर असतं, म्हणून उंची मधल्या भागाशी जुळवा. फूटपट्टी लागत नाही: पिसांच्या टोकाशी शटलचा व्यास 58 ते 68 मिलिमीटर असतो. पट्टी आणि शटल यांच्या मधल्या फटीत असे किती व्यास मावतात, ते थांबवलेल्या चित्रावर मोजायचं. काम किचकट आहे, वेळ खातं. चाळीस पोरांसाठी याच्या नादी लागू नका. आणि पिसं मोडलेली शटल सरावाला चालतात, मोजायला नकोत.

सिंगल्सच्या उंच सर्व्हिसला यातलं काहीच नको. मागच्या रेघेच्या आत पाऊलभर अंतरावर खडूने आडवी रेघ मारा आणि शटल पुरेसं उंच जातंय का, हे बघायला एकाला बाजूला उभं करा.