झान: खोल डोह की कमरेएवढं पाणी?

गुहागरहून मावसबहिणीचा फोन आला. विपश्यनेची दहा दिवसांची दोन शिबिरं झालीत, रोज पहाटे तासभर बसते, आणि आता तिला झान हवंय. झान म्हणजे पालीतलं ध्यान. आपण ऊठसूट म्हणतो ते नव्हे, तर चित्त एकाच ठिकाणी पार मुरून जाण्याची अवस्था. "दादा, एकजण सांगतो तिथे कानही मिटतात, दुसरा म्हणतो अंगभर सुख पसरतं. मी कुणाचं धरू?"

पायऱ्यांवरून वाद नाही. पहिल्या झानात वितर्क (चित्त विषयाकडे नेणं), विचार (ते तिथे टिकवणं), प्रीती (उसळता आनंद), सुख आणि एकाग्रता. दुसऱ्यात वितर्क-विचार गळतात, तिसऱ्यात प्रीती, चौथ्यात सुखही जाऊन उपेक्षा, म्हणजे समभाव, राहते. त्यापुढच्या चार अरूप अवस्थांची तिने आत्ताच काळजी करू नये. वाद आहे तो मुरायचं किती यावर.

डोहवाल्यांचा, म्हणजे पार बुडायचं म्हणणाऱ्यांचा, आधार 'विशुद्धिमग्ग' हा ग्रंथ, पाचव्या शतकात बुद्धघोषाने श्रीलंकेत रचलेला. श्वासावर टिकता टिकता एक उजेड दिसू लागतो, त्याला निमित्त म्हणतात. ते स्थिरावलं की चित्त त्यात बुडतं. मग ना आवाज, ना अंगाची जाणीव. किती वेळ राहायचं आणि कधी बाहेर यायचं, हे आधी ठरवून तसंच करता यावं लागतं. बुद्धघोष भाबडी आशा लावत नाही. कसिणाची, म्हणजे नजर खिळवायच्या वर्तुळासारख्या वस्तूवरच्या ध्यानाची, पूर्वतयारी शंभरात नाहीतर हजारात एखाद्यालाच जमते, असं तो म्हणतो. तयारी जमलेल्यांत निमित्त उमटवणाऱ्यांचं तेच प्रमाण, आणि निमित्त उमटलेल्यांत पूर्ण मुरणाऱ्यांचंही तेच.

हौस म्हणून मी पृथ्वीकसिण करून पाहिलंय. एक वीत चार अंगुळं रुंदीचं मातीचं वर्तुळ समोर ठेवून बघत राहायचं. माती अरुणोदयाच्या रंगाची हवी, लाल नको, कारण लाल रंगाचं कसिण वेगळं. मी मात्र जांभ्याची माती चाळून पाटावर लिंपली, म्हणजे इथेच चुकलो. तिसऱ्या दिवशी पडवीत शिरलेली कोंबडी त्यावरून चालत गेली आणि माझं कसिण संपलं.

कमरेएवढ्या पाण्याचा रस्ता सुत्तांवर, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनांवर, भर देतो. अलीकडे आय्या खेमा (1923–1997) आणि त्यांचे शिष्य ली ब्रासिंग्टन यांनी तो बराच लोकांपर्यंत नेला. चित्त बऱ्यापैकी ठरलं की श्वास सोडून हातात, छातीत, जिथे गोड वाटतंय तिथे लक्ष न्यायचं आणि तिथेच राहू द्यायचं. प्रीती आपोआप वाढते. बुद्धाचा दृष्टान्त न्हाऊ घालणाऱ्याच्या उटण्याचा आहे: पाणी शिंपडत मळलेला गोळा आतबाहेर भिजतो, पण गळत नाही. मोदकाची उकड मळणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको. हाताला कोरडं पीठ लागेनासं होतं, आणि तरी गोळा चिकटत नाही. तसं सुख सगळ्या कायेत मुरवायचं. डोहवाले म्हणतात, इथे काया म्हणजे नामकाया, मनाच्या घटकांचा समूह, शरीर नव्हे. दृष्टान्त वाचून मला ते ओढूनताणून वाटतं. पण त्यांची एक तक्रार खरी आहे. दोन दिवस मुंग्या आल्या की पहिलं झान झालं म्हणणारे या वाटेवर फार.

आवाजाचंही तसंच. पहिल्या झानाला आवाज हा काटा, असं सुत्त सांगतं. एकजण म्हणतो, म्हणजे आत गेल्यावर ऐकूच येत नाही. दुसरा म्हणतो, ऐकू येतं म्हणून तर टोचतं. गुहागरात समुद्राची गाज कधीच टोचत नाही, शेजारच्या विहिरीचा पंप टोचतो.

आता खर्चाचं. डोहासाठी महिनोन्‌महिने द्यावे लागतात. मुख्य परंपरा ब्रह्मदेशातल्या पा-औक मठाची, आणि तिथली परिस्थिती पाहता श्रीलंकेतला ना-उयन मठ बरा. (ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, तो 1916 मध्ये इथेच गेला. आपल्याला मात्र उलटं जावं लागतं.) दुसऱ्या वाटेवर दहा-पंधरा दिवसांचं मौन आणि नीट विचारणारा शिक्षक मिळाला की सुरुवात होते.

तिला आणखी एक गोष्ट ठरवायची आहे. तिची विपश्यना इगतपुरीच्या परंपरेतली असेल, तर तिथे दुसरी पद्धत मिसळलेली चालत नाही. तिथेच राहायचं असेल तर तीस दिवसांचं शिबिर बघावं, त्यात पहिले दहा दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, असतं. पण अटी कडक आहेत, दोन शिबिरांवर तिथे प्रवेश नाही; आधी आणखी बरीच शिबिरं करावी लागतात. आणि झोप उडालेली असेल किंवा मनासाठी गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर, मग कुठलंही लांब मौन.

माझं मत तिला सांगितलं: दुसरी वाट धर. घर, सासूबाई, आंब्याची फवारणी सांभाळून डोह जमणार नाही. लावणी आटोपली की गणपतीपर्यंत हात थोडे मोकळे असतात, तेव्हाच जा. चातुर्मासात भिक्खूही एका जागी बसतात.

"आणि मला उजेडच दिसला तर?"

दिसू दे म्हटलं. त्याच्यामागे धावू नकोस, लक्ष श्वासावरच ठेव.