मॅपिंगसाठी पुण्याला जावं का? आमचा अनुभव

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं चार खेपा झाल्या, म्हणून आता लिहितोय. लेक पावणेतीन वर्षांची. ऐकू यावं म्हणून उजव्या कानात न्यूक्लिअस हे कॉक्लिअर इम्प्लांट बसवलंय, 22 इलेक्ट्रोडचं, म्हणजे नसेला करंट देणारी 22 टोकं. कुठल्या टोकातून किती करंट सोडायचा ते पोरीला जुळवून ठरवणं म्हणजे मॅपिंग.

आधी दुसरीकडे जायचो. तिथेही एनआरटी करायचे. म्हणजे इम्प्लांटच एका इलेक्ट्रोडमधून करंट सोडतं आणि शेजारच्या इलेक्ट्रोडवरून नसेचं उत्तर टिपतं. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत स्क्रीनवर खड्डा उमटतो. पोरीला झोपवावं लागत नाही, मांडीवर बसून मोबाईलवर बडबडगीतं बघितली तरी चालतं. पण तिथे मॅपचा वरचा आकडा, म्हणजे मोठ्यात मोठ्या आवाजाला किती करंट जायचा तो, थेट या एनआरटीवरूनच ठरवायचे आणि पंधरा मिनिटांत आम्हाला वाटेला लावायचे. घरी कुकरची शिट्टी झाली की लेक डोळे घट्ट मिटायची, डोक्याला चिकटणारी इम्प्लांटची कॉईल ओढून फेकायची. आई म्हणायची, नाटकं करते.

पुण्याच्या मॅडमनी आधी इम्पिडन्स, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमध्ये करंटला किती अडथळा होतो तो, बघितला. चार नंबरचा इलेक्ट्रोड ओपन, म्हणजे जोडणी तुटलेला निघाला, तो बंद केला. मग एनआरटी, तीही स्क्रीन आमच्याकडे वळवून. म्हणाल्या, "हा खड्डा दिसतोय ना, म्हणजे नस बोलली. पण हिला किती मोठं सोसेल, ते यात कळत नाही. ते हिलाच विचारायचं." सगळ्या इलेक्ट्रोडचे एनआरटीचे आकडे जोडून जी रेष होते तिचा आकार तेवढा ठेवला, अख्खी रेष खाली घेतली आणि तिथून एकेक पायरी वर. आवाज आला की लेकीनं चकती डब्यात टाकायची. बराच वेळ चकती गालाला लावून नुसती बसली होती. मग एकदम टाकली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. बायको रडली, मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या कानात प्रोब घालून रिफ्लेक्सही, म्हणजे मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आखडतो तो, बघायचा होता, तो रडारडीत राहिला. कुकरला आता डोळे मिटत नाही, स्वयंपाकघराकडे बोट दाखवते.

तक्रारी आहेतच. अकराची वेळ देतात, नंबर सव्वा वाजता. तोवर पोर पेंगायला लागतं, मग कसली चकती नि कसला डबा. शक्यतो सकाळचा पहिला नंबर मागा. मॅपची प्रिंट आपणहून देत नाहीत, तीही मागून घ्या. जुन्या ठिकाणची आमच्याकडे नव्हती, त्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागलं.