नॉर्वे सरकारचं संकेतस्थळ: मंत्र्यांची यादी चोख, बहुमताचा हिशेब मात्र दुसऱ्या दारी

नॉर्वेत सध्या कोण मंत्री आहे, त्याच्याकडे कोणतं खातं आहे आणि ते कधीपासून, या तीन प्रश्नांसाठी 'रेग्येरिंगेन डॉट नो' या सरकारी संकेतस्थळाहून नेमकी जागा दुसरी नाही. पण तिथलं सरकार अल्पमतातलं असतं तेव्हा खरी गंमत पाठिंब्याच्या आकड्यांत असते, आणि त्याबाबत मंत्र्यांचं पान गप्प बसतं.

आधी चांगलं. १८१४ पासूनची सगळी सरकारं इथे क्रमाने लावलेली आहेत. कोणतंही सरकार उघडा, त्यातले मंत्री त्यांच्या कार्यकाळाच्या तारखांसह मिळतात. मजकूर बोकमोल आणि नीनॉर्स्क या नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांत, शिवाय सामी आणि इंग्रजीत आहे. इंग्रजी विभाग ओळखीपुरता बरा. निर्णय आणि दस्तऐवज वाचायचे तर नॉर्वेजियन पान उघडून ब्राउझरकडून भाषांतर करून घ्यावं, कारण बरंच काही इंग्रजीत येतच नाही.

नवखा वाचक पहिला घोळ घालतो तो मोजणीत. मंत्रालयं १६ आणि मंत्री १९, हे जुळत कसं नाही? कारण तीन मंत्रालयांत दोन-दोन मंत्री बसतात. परराष्ट्र मंत्रालयात विकास सहकार्याचा मंत्री वेगळा, शिक्षण मंत्रालयात संशोधन आणि उच्च शिक्षणाचा वेगळा, आणि व्यापार मंत्रालयात मत्स्यव्यवसायाचा वेगळा. पंतप्रधान धरून २० जण. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेबर पक्षाने एकट्याने बनवलेलं मंत्रिमंडळ याच मापाचं आहे. राज्यघटनेत पंतप्रधान आणि किमान सात सदस्य एवढीच अट आहे. आपल्याकडे १५ टक्क्यांची वरची मर्यादा, तिथे फक्त खालची.

दुसरा घोळ राज्य सचिवांचा. मंत्रालयाच्या पानावर मंत्र्याखाली राज्य सचिव आणि राजकीय सल्लागारांची नावं येतात. हे राजकीय नेमणुकीचे लोक असले तरी मंत्रिमंडळाचे सदस्य नाहीत, त्यामुळे ते मोजायचे नाहीत. जुन्या सरकारांच्या यादीत आणखी एक सापळा आहे. मंत्री पालकत्वाच्या रजेवर गेला की त्या काळापुरता दुसरा नेमला जातो आणि त्याचंही नाव यादीत लागतं. नावं मोजली तर आकडा फुगतो. म्हणून एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी पदावर असलेलेच मोजावेत.

आता खरी तक्रार. सरकारांची विभागणी पंतप्रधानाच्या नावावर केली आहे. घटनेच्या दृष्टीने ते बरोबरच, पण आघाडीचा इतिहास त्यात गडप होतो. 'एर्ना सोल्बर्ग यांचं सरकार, २०१३ ते २०२१' या एका मथळ्याखाली चार वेगवेगळ्या जुळण्या आहेत. सुरुवातीला होयरे (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष) आणि प्रोग्रेस पक्ष, संसदेतल्या १६९ पैकी ७७ जागा. जानेवारी २०१८ मध्ये व्हेन्स्त्र (लिबरल पक्ष) आत आला, तरी आकडा ८०, म्हणजे अल्पमतच. जानेवारी २०१९ मध्ये ख्रिश्चन पीपल्स पक्ष आल्यावर ८८, तेव्हा कुठे बहुमत. मग जानेवारी २०२० मध्ये प्रोग्रेस पक्ष बाहेर पडला आणि उरले ६१. योनास गार स्टोर यांच्या सरकारचं तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये लेबरचे ४८ आणि सेंटर पक्षाचे २८ मिळून ७६. युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक निर्देशांवरून सेंटर पक्ष बाहेर पडला, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी जुळणी झाली, येन्स स्टॉल्टेनबर्ग अर्थमंत्री झाले, आणि सरकारमागे राहिले ४८. मथळा मात्र जागचा हलला नाही.

हे आकडे हवे असतील तर शेजारच्या टॅबमध्ये संसदेचं म्हणजे स्टॉर्टिंगचं संकेतस्थळ उघडावं लागतं. तिथे पक्षनिहाय जागा, प्रत्येक मतदानाचा निकाल आणि खुला डेटा मिळतो. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर लेबरकडे ५३ जागा आहेत आणि बहुमताला ८५ लागतात. पाठिंब्याला सेंटर, सोशलिस्ट लेफ्ट आणि रेड प्रत्येकी ९, ग्रीन ८, अशी लेबरसह एकूण ८८ ची बेरीज. यातला कोणताही एक पक्ष उठला की बेरीज मोडते, त्यामुळे दर शरद ऋतूत अर्थसंकल्पाच्या वाटाघाटी हाच खरा मुख्य कार्यक्रम.

तिथे खासदारांच्या यादीत मंत्री शोधू नका. मंत्री झाला की त्याला खासदार म्हणून काम करता येत नाही आणि त्याच्या जागी त्याच पक्षाचा पर्यायी प्रतिनिधी बसतो. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत आमदार व्हावं लागतं, तिथे नेमकं उलट. त्यामुळे मंत्री केल्याने सभागृहातलं पक्षाचं बळ घटत नाही.

विश्वासदर्शक ठरावाचं पानही शोधत बसू नका. नवं सरकार मतदान घेऊन उभं राहत नाही, बहुसंख्य सभागृह विरोधात जाईपर्यंत ते चालतं. अविश्वास एका मंत्र्यापुरताही आणता येतो. २०१८ च्या मार्चमध्ये सिल्वी लिस्टहॉग यांनी मतदानाआधीच न्यायमंत्रिपद सोडलं. शिवाय स्टॉर्टिंग मुदतीआधी बरखास्त करता येत नाही. म्हणून सरकारं निवडणुकीविना जुळतात आणि तुटतात, आणि म्हणूनच पंतप्रधानाच्या नावाखालची यादी अपुरी पडते.

बदल टिपायचे असतील तर 'ऑफिसिएल्ट फ्रा स्टात्सरोड' हा विभाग पाहावा. राजाच्या उपस्थितीतली बैठक सहसा शुक्रवारी राजवाड्यात होते आणि तिथले निर्णय या विभागात येतात. मोठे फेरबदल मात्र शुक्रवारची वाट बघत नाहीत. ४ फेब्रुवारी २०२५ ला मंगळवार होता.