दगड सरकारचा, बसवणं तुमचं

अमेरिकेतल्या यादवी युद्धात किंवा १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात लढलेल्या सैनिकाचं थडगं गावच्या जुन्या सिमेट्रीत बिनखुणेचं पडलं असेल, तर तिथलं वेटरन्स अफेअर्स खातं दगड फुकट देतं, नाव कोरून देतं आणि पोचवूनही देतं. दगडाच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. डोकेदुखी असते ती अर्ज भरताना, आणि मग दगड ट्रकमधून उतरल्यावर.

खासगी सिमेट्रीतल्या युनियन, म्हणजे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या, सैनिकांना दगड देण्याची मंजुरी १८७९ ची. खोलगट ढाल आणि तिच्यात उठावाची अक्षरं ही त्या दगडाची ओळख. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, सैनिकांच्या दगडाचा माथा टोकदार. दोन्ही घडणी आजही मिळतात, पण मागितल्या तरच. अर्जाच्या फॉर्म ४०-१३३० मधल्या शेऱ्याच्या रकान्यात तसं स्पष्ट लिहावं, नाहीतर नेहमीचा सपाट तोंडाचा दगड येऊन पडायचा. जुन्या घडणीवर मजकूर मुद्दाम मोजका ठेवतात. हुद्दा कोरतात तो प्रायव्हेटच्या, म्हणजे साध्या शिपायाच्या, वरचा असेल तरच. चार ओळींचा गौरव हवा असणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो. आमच्या मते हा नेमकेपणा योग्यच आहे.

सैनिकाची सेवा ६ एप्रिल १९१७ पूर्वी संपली असेल तर अर्ज कोणीही करू शकतं, नातं लागत नाही. पुरावा मात्र पक्का हवा: राष्ट्रीय अभिलेखागारातली हजेरीपटाची किंवा पेन्शनची नोंद, तीही कंपनी आणि रेजिमेंटसकट. एकाच रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे दोघे निघतात, म्हणून नुसत्या नावावर भिस्त ठेवू नये. दुसरी मेख मोठी आहे. मृत्यू १ नोव्हेंबर १९९० पूर्वीचा असेल, तर थडग्यावर आधी काहीच खूण नसावी लागते. घरच्यांनी लावलेला लहानसा दगड वाचता येत असेल, तर नव्याची आशा सोडा. आधीचा सरकारी दगड फुटला किंवा अक्षरं गेली असतील, तर मात्र बदलून मिळतो.

अर्जाआधी आणखी एक काम करावं. साधारण १८७९ ते १९०३ या काळात पाठवलेल्या दगडांची कार्डं अभिलेखागारात आहेत. तिथे नाव सापडलं, तर दगड बहुधा गवताखाली आडवा झालेला असतो. बारीक सळई हलक्या हाताने टोचत गेलं की लागतो. कुदळ नको, कड उडते.

उभा संगमरवरी दगड ४२ इंच उंच, १३ इंच रुंद, ४ इंच जाड. वजन साधारण १०४ किलो, म्हणजे दोघांनी हाताने उचलायचा विचार करू नये. बसवण्याचा खर्च खातं देत नाही, त्यामुळे सिमेट्रीचा दर आणि परवानगी आधीच लेखी घ्यावी. फॉर्मवर त्यांची सही लागतेच. २४ ते २६ इंच जमिनीवर राहील इतका खड्डा घ्या, तळाशी चार इंच खडी ठोकून बसवा, लेव्हल दोन्ही दिशांनी बघा आणि माती थराथराने धुमसत भरा. सिमेंट अजिबात नको. त्यात पाणी अडतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगड जमिनीच्या रेषेतच तडकतो. शिवाय पुढे कलला तर सरळ करता येत नाही.

नंतरच्या सैनिकांसाठी सपाट ग्रॅनाइट आणि ब्राँझही आहे. श्रद्धाचिन्हांच्या यादीत ॐ आहे, हे तिथल्या भारतीय कुटुंबांनी ध्यानात ठेवावं. ब्राँझची पाटी जेमतेम आठ किलोची, पण तिला बैठक लागते आणि ती स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते.

देखभालही आपल्याच गळ्यात. ब्लीच, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर यांपैकी काहीही वापरू नये. दगड आधी पाण्याने भिजवावा, डी-टू हे जैविक द्रावण फवारून पाच-दहा मिनिटं थांबावं, मऊ ब्रशने खालून वर घासावं आणि धुवावं. शेवाळाचे डाग त्याच दिवशी जात नाहीत, पुढच्या काही आठवड्यांत फिके होतात. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले, तर त्या संगमरवराला ब्रश लावूच नये.