अँटिबायोटिक बंद करायला लावून ‘मुळापासून बरं’ करतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

मला हायड्राडेनायटिस सुप्पुराटिवा आहे, म्हणजे काखेत नि जांघेत दुखऱ्या गाठी येतात, फुटतात, पू वाहतो आणि पुढे कातडीखाली नळ्या तयार होतात. अस्वच्छतेमुळे होत नाही, कुणाला लागतही नाही, तरी लोक लांब बसतात. स्किनच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ३००-३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा १०-१२ आठवड्यांचा कोर्स दिला होता. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही सांगितलेलं.

नेमकं तेच त्या माणसाने पकडलं. ऑनलाइन ओळख झाली, स्वतःला या आजाराचा स्पेशालिस्ट म्हणवतो, नाव घेत नाही. म्हणाला केशरी लघवी म्हणजे लिव्हर चाललं, अँटिबायोटिक ताबडतोब बंद करा, माझ्या हर्बल कॅप्सूल घ्या, गाठ परत येणारच नाही. पैसे आधी घेतले, पार्सल आलं त्यावर ना कंपनीचं नाव ना घटक ना बॅच नंबर, आणि खरं सांगते थोड्याच दिवसांत सूज उतरली, दुखणं गेलं, मला तर रडूच आलं आनंदाने.

मग चेहरा गोल व्हायला लागला, भूक आवरेना, शुगर वाढली. डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर एकदम कमी, म्हणजे कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड असणार असं ते म्हणाले. त्याला विचारलं तर आधी ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’, मग ब्लॉक. गाठी दुप्पट जोराने परतल्या. आजाराने गांजलेल्या माणसाला असं लुबाडायचं, संताप होतो नुसता!

रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम, अश्रू केशरी होतातच, तो औषधाचा रंग आहे. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं हे खरंय पण त्यासाठी रक्त तपासतात, डोळे पिवळे झाले तर लगेच डॉक्टरकडे जायचं. आणि बायकांनो, गर्भनिरोधक गोळ्यांचा असर रिफॅम्पिसिनने कमी होतो, ते डॉक्टरांशी नक्की बोला. अँटिबायोटिक इथे जंतूंपेक्षा सूज कमी करायला जास्त देतात, म्हणून फरक हळू दिसतो, आणि नाहीच जमलं तर अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. कायमचं बरं करणारं औषध अजून कुणाकडेच नाही.

कुणी अशा बिननावाच्या कॅप्सूल घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असू शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा, डोस ते हळूहळू कमी करतात, माझा तसाच चालू आहे.