‘डिड यू फील इट?’ : भूकंप जाणवल्यानंतर भरण्याचा अर्ज

अमेरिकेची यूएसजीएस ही भूगर्भ सर्वेक्षण संस्था ‘डिड यू फील इट?’ या नावाची ऑनलाइन सेवा १९९९ पासून चालवते आणि २००४ पासून ती जगभरातल्या भूकंपांसाठी खुली आहे. धक्का जाणवलेल्या कोणत्याही माणसाने संकेतस्थळावर जाऊन आपला भूकंप निवडावा, आपण कुठे होतो ते सांगावे आणि काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढेच तिचे काम. सेवा मोफत आहे आणि नाव किंवा फोन नंबर देण्याची सक्ती नाही. मराठवाड्यात, कोयनेच्या खोऱ्यात किंवा डहाणू-तलासरी भागात राहणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

या अर्जाचे खरे बळ त्याच्या प्रश्नांत आहे. ‘भूकंप कसा वाटला?’ असे मोघम न विचारता तो घरातल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवतो. तुम्ही घरात होता की बाहेर, झोपेत होता का, टांगलेल्या वस्तू झुलल्या का, फळीवरच्या वस्तू नुसत्या वाजल्या की खाली पडल्या, भिंतीवरची तसबीर वाकडी झाली का, फ्रिजसारखी जड वस्तू जागची हलली का, उभे राहणे अवघड गेले का, असे हे प्रश्न आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टरचा दुसरा धक्का बसला, तेव्हा नांदेडच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना घासून किणकिणले, बंद असलेला पंखा दांडीसकट डुलत राहिला आणि अंगणात झाडलोट करणाऱ्या शेजारीणबाईंना मात्र काहीच कळले नाही. एरवी अशा गोष्टी दिवसभर गप्पांत चघळल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. अर्जात त्यांना नेमकी जागा आहे, आणि शेजारीणबाईंच्या ‘मला काहीच जाणवले नाही’ या उत्तरालाही आहे, कारण धक्का कुठपर्यंत पोहोचला याची सीमा अशाच उत्तरांवरून आखता येते.

आलेल्या उत्तरांवरून संगणक त्या त्या ठिकाणची तीव्रता काढतो आणि रोमन आकड्यांत व रंगांत ती नकाशावर दाखवतो. भूकंपाचे रिश्टरमधले माप एकच असते, पण हादऱ्याची तीव्रता गावागणिक बदलते. अंतर, जमिनीचा प्रकार, इमारतीची उंची या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. भूकंपमापक यंत्रे गावोगावी बसवता येत नाहीत, तिथे माणसांची उत्तरेच उपयोगी पडतात. अर्थात एकट्यादुकट्या अर्जावर विसंबता येत नाही. एकाच परिसरातून बरीच उत्तरे आली की नकाशा विश्वासार्ह होतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज भरावा आणि आठवण ताजी असतानाच भरावा.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. अर्ज मराठीत नाही, ही सर्वांत मोठी. इमारतीच्या नुकसानीबद्दलचे प्रश्न अमेरिकी घरे डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेले आहेत. त्यांत धुराड्याला गेलेल्या तड्यांची चौकशी आहे, पण दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा थर असलेल्या माळवदाची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने अशाच घरांच्या ढिगाऱ्याखाली. त्यामुळे ही त्रुटी मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी अडचण लहान धक्क्यांची. अमेरिकेबाहेरचे छोटे भूकंप यूएसजीएसच्या यादीत बहुधा येत नाहीत. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या धक्क्यांच्या मालिकेतले बहुतेक धक्के याच वर्गातले. यादीत नसलेल्या धक्क्याची नोंद करण्याची सोय संकेतस्थळावर आहे, ती वापरावी. वेळ, खोली आणि केंद्रबिंदू यांची अधिकृत माहिती हवी असेल, तर आपल्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे ‘भूकंप’ हे अ‍ॅप मोबाइलमध्ये असू द्यावे. दोन्ही सेवांचे काम वेगळे आहे आणि दोन्ही हव्यात.

ही सेवा पूर्वसूचना देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हादरे चालू असताना डोके झाकून भक्कम टेबलाखाली बसावे, ते थांबल्यावर घरच्यांची विचारपूस करावी, गॅसचे बटण बंद आहे ना ते पाहावे आणि त्यानंतरच फोन हातात घ्यावा. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांना एकेक प्रश्न मराठीत विचारून घरातल्या शाळकरी मुलांनी त्यांचा अर्ज भरून द्यावा. कोयनानगरचा १९६७ चा भूकंप किंवा किल्लारीचा भूकंप अनुभवलेली ही माणसे आवाज आधी आला की हादरा, हे फार अचूक सांगतात.