सर्व पिना जोडलेल्या असल्याचे सांगून विकलेला ॲडॉप्टर

आमच्या वर्कशॉपमधील जुन्या सीएनसी (संगणकीय प्रोग्रामवर चालणाऱ्या) मिलिंग मशीनला प्रोग्राम पाठवणारा संगणक बंद पडला, तेव्हा मी डी आकाराच्या कनेक्टरचा एक ॲडॉप्टर विकत घेतला आणि त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. वस्तू लहान असली तरी तिच्यामुळे एक जॉब आणि एक कटर वाया गेला, आणि मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला इजा होता होता राहिली. असाच ॲडॉप्टर इतरही लोक घेत असतील, म्हणून घडलेला प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

जुन्या संगणकाला 25 पिनांचा सीरियल पोर्ट होता आणि मशीनकडून आलेली केबल त्यात थेट बसत असे. नव्या संगणकाचा पोर्ट 9 पिनांचा असल्यामुळे मधे 9 ते 25 असा ॲडॉप्टर लागणार होता. पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारांची आवश्यक ती अदलाबदल त्या केबलमध्येच केलेली होती. त्यामुळे ॲडॉप्टरने प्रत्येक सिग्नल फक्त आपल्या जागी पोहोचवायचा होता.

खरेदीपूर्वी मी विक्रेत्याला लेखी विचारले होते की आमच्या मशीनला हार्डवेअर हँडशेक (म्हणजे ‘थांब’ आणि ‘पाठव’ हे इशारे वेगळ्या तारांवरून देण्याची सोय) लागतो, तर 7 आणि 8 या पिना पलीकडे पोहोचतात का. ‘होय, नऊच्या नऊ पिना सरळ जोडलेल्या आहेत’ असे त्याने कळवले. त्याच्या जाहिरातीत ‘डीई-9’ हे अचूक नाव होते, यामुळेही माझा विश्वास वाढला. कॅनन कंपनीने 1952 साली आणलेल्या या कनेक्टरांच्या नावातले दुसरे अक्षर कवचाचा आकार सांगते; ए म्हणजे 15 पिनांचे कवच, बी म्हणजे 25 आणि ई म्हणजे 9. बाजारात सगळेच सरसकट ‘डीबी-9’ म्हणतात, म्हणून बरोबर नाव लिहिणाऱ्याला विषय कळत असेल असे मी धरून चाललो. विषय त्याला कळतही असावा, पण म्हणून आतले वायरिंग त्याने सांगितल्याप्रमाणे असेल असे मुळीच नव्हते.

पहिले काही दिवस छोटे प्रोग्राम व्यवस्थित गेले. साच्याच्या एका कामाचा मोठा प्रोग्राम मशीन चालू असतानाच तुकड्यातुकड्याने पाठवायला घेतला, तेव्हा दोनदा अलार्म येऊन काम थांबले. तिसऱ्या वेळी अलार्म आलाच नाही. टूल वर उचलण्याची एक ओळ मधेच गळाली आणि कटर धातूत रुतलेला असतानाच आडवा सरकून तुटला. पॅरिटी तपासणी चालू होती, पण पॅरिटीला एखाद्या अक्षरातला बदललेला बिट सापडतो. जे अक्षर पोहोचलेच नाही त्याचा तिला पत्ता लागत नाही.

दोष मशीनचा समजून आम्ही दोन दिवस नियंत्रक तपासत बसलो. शेवटी ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी काढला आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असली की बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून एकेक पिन मोजली. 9 च्या बाजूची 2 नंबरची पिन 25 च्या बाजूला 3 वर, 3 नंबरची 2 वर आणि 5 नंबरची, म्हणजे ग्राउंड, 7 वर पोहोचत होती. इतके बरोबर होते. त्यापुढे 7 ने 4 वर आणि 8 ने 5 वर पोहोचायला हवे होते, पण त्या दोन्ही पलीकडे कुठेच जात नव्हत्या. 9 च्या बाजूला आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या होत्या. 1, 4 आणि 6 या पिनांचेही तसेच केले होते, वास्तविक त्यांनी अनुक्रमे 8, 20 आणि 6 वर जायला हवे होते. 9 नंबरची पिन कशालाच जोडलेली नव्हती.

याचा परिणाम समजून घेणे महत्त्वाचे आहे. मशीनची साठवण भरली की ते एक सिग्नल खाली करते, तो संगणकाच्या 8 नंबरच्या पिनेवर पोहोचतो आणि संगणक पाठवणे थांबवतो. आमच्या ॲडॉप्टरमध्ये मात्र संगणकाने 7 वर स्वतःच दिलेला होकार 8 वर परत येत होता. मशीन थांब म्हणत असताना संगणकाला मात्र अखंड ‘पाठव’ असेच ऐकू येत होते. छोटे प्रोग्राम साठवणीत पूर्ण मावत असल्यामुळे हा दोष तोवर उघडा पडला नव्हता.

अशा जोडणीला काही ठिकाणी रास्त उपयोग आहे, हेही नमूद केले पाहिजे. तीन तारांवर चालणाऱ्या साध्या उपकरणासाठी ती मुद्दाम केली जाते. उलट, पंचवीसच्या पंचवीस पिना सरळ जोडलेली वस्तू नेहमी सुरक्षित असतेच असे नाही, कारण काही सीएनसी नियंत्रकांवर 25 नंबरच्या पिनेवर 24 व्होल्ट असतात. माझी तक्रार जोडणीच्या प्रकाराविषयी नसून स्पष्ट प्रश्नाला दिलेल्या खोट्या उत्तराविषयी आहे.

विक्रेत्याला मोजमाप कळवल्यावर त्याने टर्मिनलवर (पोर्टवरून मजकूर पाठवण्याच्या साध्या सॉफ्टवेअरमधून) एक ओळ पाठवून पाहण्यास सांगितले, आणि ती पोहोचताच ‘माल चालू आहे’ असा निर्वाळा दिला. एक ओळ तीन तारांवरही पोहोचते, हे मी दोनदा लिहिले. मग त्याने आतील वायरिंगचा फोटो मागितला. ॲडॉप्टर एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला होता, त्यामुळे फोटोसाठी तो कापावा लागला. आणि कापल्यावर ‘छेडछाड केलेली वस्तू परत घेत नाही’ असे उत्तर आले. तेव्हा पुरावा मागितला तर वस्तू कापू नका; मीटरच्या प्रत्येक मोजणीचा सलग व्हिडिओ काढा. मोजताना कनेक्टरच्या प्लास्टिकवर कोरलेले बारीक आकडे पाहूनच पिन धरावी, कारण मेल आणि फिमेल बाजूंचा क्रम आरशातल्याप्रमाणे उलटा दिसतो.

आता मी सोल्डर करायचे दोन कनेक्टर आणि उघडता येणारे हूड (कनेक्टरवरचे आवरण) घेऊन ॲडॉप्टर स्वतः तयार केला आहे, आणि तोच मोठा प्रोग्राम त्यावरून पूर्ण गेला. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘सर्व पिना सरळ’ हे वाक्य अजून तसेच आहे. आपल्याकडे असा ॲडॉप्टर असेल तर तो दोन्हीकडून सोडवून 9 च्या बाजूच्या 7 आणि 8 या पिनांवर मीटर धरावा. बीप वाजली तर हँडशेक लागणाऱ्या मशीनला तो लावू नये.